कॉलमचं नाव ‘रँक’ आणि एरर १०६४

प्रश्न थोडक्यात असा: निकालाच्या टेबलमध्ये रोल_नंबर, नाव, टक्के, ग्रुप्स आणि रँक असे कॉलम आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर झॅम्पवर (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज) सगळं सुरळीत चालतं, पण होस्टिंगवर तोच पीएचपी कोड चढवला की एरर १०६४, म्हणजे क्वेरीचं व्याकरण चुकल्याची एरर, येते. पीएचपीमायअॅडमिनमधून (डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं साधन) टेबल बनवताना काही तक्रार आली नव्हती, डेटाही दिसतोय. मग क्वेरीच का अडते?

कारण रँक आणि ग्रुप्स हे दोन्ही शब्द मायएसक्यूएल ८.० मध्ये राखीव झाले, म्हणजे डेटाबेसने ते स्वतःच्या भाषेसाठी ठेवून घेतले आणि बॅकटिकशिवाय नाव म्हणून वापरता येत नाहीत. ५.७ पर्यंत ते मोकळे होते. ८.० मध्ये विंडो फंक्शन (ओळींच्या गटावर क्रमांक, बेरीज वगैरे काढणारी फंक्शन) आली आणि त्यांच्यासोबत रँक, डेन्स_रँक, रो_नंबर, लॅग, लीड, ओव्हर, विंडो, ग्रुप्स अशी शब्दांची एक फौजच राखीव यादीत गेली. सिस्टम हा शब्दही त्याच वेळी गेला. आता झॅम्पच्या पॅनेलवर ‘मायएसक्यूएल’ अशी पाटी असली तरी २०१५ पासून आत मारियाडीबी (मायएसक्यूएलमधून निघालेला वेगळा डेटाबेस) आहे, आणि मारियाडीबीत रँक आणि ग्रुप्स राखीव नाहीत. म्हणजे तुमचा कोड दोन वेगळ्या डेटाबेसवर चालतोय: घरी मारियाडीबी, होस्टिंगवर बहुधा मायएसक्यूएल ८.०. खात्री करायची असेल तर दोन्हीकडे ‘सिलेक्ट व्हर्जन();’ चालवून बघा.

टेबल बनलं कसं, याचं उत्तर सोपं आहे. पीएचपीमायअॅडमिन स्वतः तयार केलेल्या प्रत्येक क्वेरीत नावांना बॅकटिक लावतो. तुम्ही हाताने लिहिलेल्या क्वेरीत ते नाहीत.

(खालच्या क्वेरी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच सगळं इंग्रजीत.)

लगेच काम भागवायचं असेल तर एवढं करा:

    सिलेक्ट नाव, `ग्रुप्स`, `रँक` फ्रॉम निकाल ऑर्डर बाय `रँक`;

बॅकटिक म्हणजे कीबोर्डवर १ च्या डावीकडचं, एस्केपच्या खालचं तिरकं चिन्ह. सिंगल कोट वेगळा. हा फरक लक्षात न आल्यामुळे जे होतं ते मूळ एररपेक्षा वाईट असतं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आधी एरर कशी वाचायची ते बघू.

१०६४ च्या मेसेजमध्ये ‘निअर’ या शब्दानंतर तुमच्या क्वेरीचा एक तुकडा कोटमध्ये छापलेला असतो. पार्सर, म्हणजे क्वेरी वाचून समजून घेणारा सर्व्हरचा भाग, जिथे अडला तिथून तो तुकडा सुरू होतो. इन्सर्टमधल्या कॉलमच्या यादीत रँक असेल तर तुकडा ‘रँक, ...’ असाच सुरू होतो आणि गुन्हेगार लगेच सापडतो. पण सिलेक्टमध्ये गंमत होते. ‘सिलेक्ट रँक फ्रॉम निकाल’ लिहिलं की पार्सरला वाटतं तुम्ही रँक हे फंक्शन वापरताय, म्हणून तो पुढे उघडा कंस शोधतो. कंसाऐवजी फ्रॉम मिळाल्यावर तो तिथे अडतो, आणि मेसेजमध्ये तुकडा ‘फ्रॉम निकाल’ असा येतो. लोक मग टेबलच्या नावाचं स्पेलिंग तपासत बसतात. लेफ्ट, राइट, रिपीट अशी जी राखीव नावं फंक्शनही आहेत त्या सगळ्यांचं असंच. तेव्हा नियम असा ठेवा: तुकड्यातला पहिला शब्द बघा, तो निर्दोष वाटला तर त्याच्या लगेच आधीचा बघा.

टोपणनावांनाही, म्हणजे क्वेरीत ‘अॅज’ने दिलेल्या नावांनाही, हेच लागू. विंडो फंक्शन नव्हती तेव्हा क्रमांक काढायला व्हेरिएबल वाढवत नेऊन शेवटी ‘अॅज रँक’ लिहायची पद्धत होती. तशा कितीतरी क्वेरी जुन्या प्रोजेक्टमध्ये पडून आहेत. टेबलमध्ये रँक नावाचा कॉलम नसला तरी त्या ८.० वर १०६४ देतात.

एक पळवाट मात्र आहे. मायएसक्यूएलमध्ये टिंबानंतर आलेला शब्द नावच असणार हे पार्सरला ठाऊक असतं, त्यामुळे ‘निकाल.रँक’ किंवा ‘न.रँक’ असं लिहिलं तर बॅकटिकशिवायही चालतं. म्हणूनच एकाच फाइलमध्ये जॉइनवाली मोठी क्वेरी चालते आणि चार शब्दांची साधी क्वेरी पडते, आणि माणूस गोंधळतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही टिंबानंतर चालतं. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल या डेटाबेसमध्ये चालत नाही, तेव्हा या सवयीवर विसंबू नका.

आता मुख्य धोका. राखीव शब्दाने एरर दिली तर ती तुमची मदतच समजा. खरी हानी एरर न येता होते.

बॅकटिकऐवजी सिंगल कोट लावला तर काय होतं ते या क्वेरीत बघा. हेतू आहे पहिल्या दहा विद्यार्थ्यांची यादी:

    सिलेक्ट नाव, टक्के फ्रॉम निकाल
    व्हेअर 'रँक' <= १० ऑर्डर बाय 'रँक';

एरर येत नाही. यादी येते. पण त्यात सगळेच्या सगळे विद्यार्थी असतात आणि क्रमही कसलाच नसतो. सिंगल कोटमधला रँक हा कॉलम राहिला नाही, तो चार अक्षरी मजकूर झाला. मजकुराची आकड्याशी तुलना करताना मायएसक्यूएल मजकुराचा आकडा करायला बघतो. सुरुवातीला अंक नसेल तर तो शून्य धरतो. शून्य हे दहापेक्षा कमी, म्हणून प्रत्येक ओळीसाठी अट खरी. ऑर्डर बायमध्येही तोच मजकूर प्रत्येक ओळीला सारखाच, म्हणून लावायला क्रमच उरत नाही. क्वेरीनंतर ‘शो वॉर्निंग्ज’ दिलं तर १२९२ नंबरची वॉर्निंग दिसते, पण पीएचपीतून ती कुणी वाचत नाही. पाच-दहा ओळींच्या चाचणी डेटावर ही चूक कळतसुद्धा नाही.

हाच प्रकार डिलीटमध्ये झाला, म्हणजे अट ‘व्हेअर 'रँक' = ०’ अशी पडली, तर स्ट्रिक्ट मोड (अशा ठिकाणी वॉर्निंगऐवजी एरर देणारी सेटिंग) चालू असलेला सर्व्हर एरर देऊन थांबवतो. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर पूर्ण टेबल साफ होतं. जुन्या कोडला त्रास नको म्हणून हा मोड बंद ठेवलेले सर्व्हर अजूनही भेटतात.

डबल कोटचं आणखी वेगळं. एसक्यूएलच्या मानकाप्रमाणे नावांसाठी डबल कोट आणि मजकुरासाठी सिंगल कोट. पोस्टग्रेस आणि ओरॅकल हेच मानतात. मायएसक्यूएल मात्र मूळ सेटिंगमध्ये डबल कोटलाही मजकूरच समजतो. एसक्यूएल मोडमध्ये ‘अॅन्सी_कोट्स’ चालू केला तरच तो नाव समजतो. म्हणजे पोस्टग्रेसमधून उचललेली, डबल कोट असलेली क्वेरी मायएसक्यूएलवर न कुरकुरता चालते आणि वरच्यासारखी चुकीची उत्तरं देते. हा मोड चालू करून मोकळं व्हावं असं वाटेल, पण जुन्या पीएचपी कोडमध्ये मजकूर डबल कोटमध्ये घालायची सवय सर्रास असते. त्या सगळ्या क्वेरी मग ‘असा कॉलम नाही’ म्हणून पडतील. नव्या प्रोजेक्टमध्ये चालू करा, जुन्यात नको.

एसक्यूलाइट यात सगळ्यात सैल. डबल कोटमधलं नाव कॉलम म्हणून सापडलं तर कॉलम, नाही सापडलं तर मजकूर. कॉलमच्या नावात स्पेलिंगची चूक झाली तरी एरर नाही. ही सवलत ३.२९.० पासून सेटिंगने बंद करता येते, आणि करावीच.

पोस्टग्रेसमधला सापळा माझ्या मते सगळ्यात घातक. तिथे ‘यूजर’ हा नुसता राखीव शब्द नाही, कंसाशिवाय चालणारं फंक्शनही आहे. ते सध्या कनेक्ट असलेल्या डेटाबेस यूजरचं नाव देतं. समजा नोंदी नावाच्या टेबलमध्ये यूजर कॉलम आहे. मायएसक्यूएलमधून आणताना टूलने त्याला डबल कोट लावून बनवला, म्हणून बनवताना अडचण आली नाही. आता अॅपमधली जुनी क्वेरी:

    सिलेक्ट यूजर, तारीख फ्रॉम नोंदी;

प्रत्येक ओळीत एकच नाव येतं, तुमच्या अॅपच्या डेटाबेस लॉगिनचं. कॉलममध्ये काय आहे ते पोस्टग्रेस बघतच नाही. याच जातीची ‘डिलीट फ्रॉम नोंदी व्हेअर यूजर = 'अॅप'’ ही क्वेरी ‘अॅप’ या लॉगिनने चालवली तर अट सगळ्या ओळींना लागू पडते आणि टेबल रिकामं होतं. दुसऱ्या लॉगिनने चालवली तर एकही ओळ जात नाही. म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर ‘काहीच झालं नाही’ आणि खऱ्या सर्व्हरवर सगळं गेलं. टेबलचं नाव यूजर असेल तरी ‘सिलेक्ट * फ्रॉम यूजर’ ही क्वेरी बिनतक्रार एक ओळ परत करते, त्याच लॉगिनच्या नावाची. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलमध्येही उघडा यूजर हा शब्द सध्याच्या डेटाबेस यूजरकडेच बोट दाखवतो. मायएसक्यूएलमध्ये यूजर राखीव नाही, म्हणून तिथून येणारे लोक इथे फसतात. कॉलमचं नाव यूजर_आयडी किंवा सदस्य_आयडी ठेवलं की प्रश्नच मिटतो.

बॅकटिक बरोबर लावूनही तो सर्व्हरपर्यंत पोचत नाही असंही होतं. लिनक्सच्या टर्मिनलवर किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) ‘मायएसक्यूएल -ई’ पुढे क्वेरी डबल कोटमध्ये दिली तर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) बॅकटिकमधला शब्द कमांड म्हणून चालवायला जातो. ‘रँक: कमांड नॉट फाउंड’ असा मेसेज येतो आणि सर्व्हरला जी क्वेरी मिळते तिच्यात त्या जागी काहीच नसतं. बाहेरचा कोट सिंगल करा, किंवा क्वेरी फाइलमध्ये ठेवून ती फाइल द्या. जावास्क्रिप्टमध्ये बॅकटिकने सुरू केलेल्या स्ट्रिंगमध्ये आतला बॅकटिक स्ट्रिंगच संपवतो, तिथे आधी बॅकस्लॅश हवा. गो भाषेतल्या रॉ स्ट्रिंगमध्ये तर तोही चालत नाही, स्ट्रिंग डबल कोटमध्ये घ्यावी लागते. आणि वर्ड किंवा पीडीएफमधून क्वेरी कॉपी केली असेल तर कोट वळणदार झालेले असतात. दिसायला जवळपास तसेच, पण सर्व्हरला ते कोट वाटत नाहीत.

वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये नावाला काय लावायचं ते आता पटकन सांगतो. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीला बॅकटिक. पोस्टग्रेस आणि ओरॅकलला डबल कोट. एसक्यूएल सर्व्हरला चौकोनी कंस, डबल कोटही चालतो. एसक्यूलाइटला डबल कोट, पण इतरांचे बॅकटिक आणि चौकोनी कंसही तो समजून घेतो.

पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये डबल कोट लावला की लहान-मोठ्या लिपीचं बंधन येतं. कोट नसेल तर पोस्टग्रेस नाव लहान लिपीत नेतो, ओरॅकल मोठ्या लिपीत. कोट असेल तर जसं लिहिलं तसंच. ओरॅकलमध्ये डेट हा शब्द राखीव आहे. कुणी तो लहान लिपीत कोट करून कॉलम बनवला तर पुढे प्रत्येक क्वेरीत, प्रत्येक रिपोर्टमध्ये तो लहान लिपीतच कोट करावा लागतो. मोठ्या लिपीत कोट केला की एरर ओरा-००९०४, अमान्य नाव. म्हणून ओरॅकलवर काम करणारे अनुभवी लोक कोट लावणं टाळतात आणि नावच बदलतात, ते योग्यच आहे. रोआयडी हे नाव मोठ्या लिपीत तर कोट करूनही कॉलमला देता येत नाही. अपडेटमध्ये राखीव नाव आलं की बऱ्याचदा ओरा-०१७४७ दिसते. ती दिसली की सेटनंतरची नावं तपासा.

एका डेटाबेसवर मोकळा असलेला शब्द दुसऱ्यावर राखीव असतो, हे निकालाच्याच टेबलवरून बघा. रँक मायएसक्यूएल ८.० मध्ये राखीव, पोस्टग्रेसमध्ये नाही. पर्सेंट एसक्यूएल सर्व्हरमध्ये राखीव. ‘की’ (किल्ली या अर्थाचा इंग्रजी शब्द) मायएसक्यूएलमध्ये राखीव, पोस्टग्रेसमध्ये मोकळा. डेट मायएसक्यूएलमध्ये मुद्दाम मोकळा ठेवलाय. ऑर्डर, ग्रुप आणि डिस्क्रिप्शनचं लाडकं संक्षिप्त रूप ‘डेस्क’ मात्र या सगळ्यांत अडतात. पाठ करण्यात अर्थ नाही, सर्व्हरलाच विचारा. मायएसक्यूएल ८.० मध्ये:

    सिलेक्ट वर्ड फ्रॉम इन्फॉर्मेशन_स्कीमा.कीवर्ड्स
    व्हेअर रिझर्व्ड = १;

पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_गेट_कीवर्ड्स()’ हे फंक्शन आहे. त्यातल्या कॅटकोड या कॉलममध्ये आर आणि टी असे दोन्ही प्रकार बघा. टी म्हणजे फंक्शनचं नाव म्हणून चालेल, पण कॉलमचं नाही. लेफ्ट, राइट, फुल हे त्यात येतात. ओरॅकलमध्ये ‘व्ही$रिझर्व्ड_वर्ड्स’.

५.७ वरून ८.० ला जाणार असाल तर मायएसक्यूएल शेलमधलं अपग्रेड तपासणीचं साधन आधी चालवा. नव्या राखीव शब्दांशी टक्कर घेणारी टेबल आणि कॉलम ते दाखवतं. तुमच्या पीएचपी फाइलमधल्या क्वेरी त्याला दिसत नाहीत, त्या तुम्हालाच शोधायच्या. आणि ८.० वर थांबून चालणार नाही: ८.४ मध्ये मॅन्युअल, पॅरलल, क्वालिफाय आणि टेबलसॅम्पल हे शब्द राखीव झाले आहेत. तपासणीच्या पद्धतीसाठी ‘मॅन्युअल’ असा कॉलम ठेवलेल्यांनी सावध.

जावावाल्यांसाठी एक गोष्ट. चाचणीसाठी एचटू हा छोटा डेटाबेस वापरत असाल तर २.x आवृत्तीत यूजर आणि व्हॅल्यू दोन्ही राखीव आहेत. हायबरनेटला (जावा अॅप आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) टेबल आपोआप बनवायला सांगितलेलं असेल तर टेबल बनवतानाची एरर नुसती लॉगमध्ये जाते, अॅप चालू होतं, आणि नंतर ‘टेबल सापडत नाही’ असा दिशाभूल करणारा मेसेज येतो. लॉगमध्ये वर जाऊन पहिली एरर शोधा. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये ‘नॉन_कीवर्ड्स’ या सेटिंगने शब्द मोकळे करता येतात, पण ते चाचणीपुरतंच ठेवा.

कोणत्या कॉलमवर क्रम लावायचा हे वापरणारा निवडतो, अशा पानांवर आणखी एक गफलत होते. क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून त्या जागी कॉलमचं नाव वेगळं पाठवलं, म्हणजे बाइंड केलं, तर ते मूल्य म्हणून जातं, म्हणजे पुन्हा तोच सिंगल कोटवाला प्रकार: एरर नाही, क्रमही नाही. नावं बाइंड होत नाहीत. कोडमध्ये चालणाऱ्या नावांची यादी ठेवा, आलेलं नाव त्यात असेल तरच आपल्या हाताने बॅकटिक लावून जोडा. पोस्टग्रेसमध्ये ‘कोट_आयडेंट’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘कोटनेम’ यासाठी आहेत. कोटनेमला १२८ पेक्षा जास्त अक्षरं दिली तर तो नल देतो, आणि नल जोडलेली सगळी क्वेरीच नल होते. पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) ‘कोट’ हे फंक्शन मजकुरासाठी आहे, नावांना ते लावू नका.

आता नाव बदलायचं का? टेबल नवं असेल, क्वेरी मोजक्या असतील तर बदलाच. बॅकटिक प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी, प्रत्येकाने लावावे लागतात. नाव एकदाच बदलावं लागतं. मायएसक्यूएल ८.० मध्ये:

    ऑल्टर टेबल निकाल रीनेम कॉलम `रँक` टू गुणानुक्रम;

मारियाडीबीत हे १०.५.२ पासून चालतं. त्याआधीच्या मारियाडीबीत आणि मायएसक्यूएल ५.७ मध्ये ‘चेंज’ वापरावं लागतं, आणि त्यात कॉलमची पूर्ण व्याख्या परत लिहावी लागते. नुसतं नाव आणि ‘इंट’ लिहिलं तर नॉट नल, डिफॉल्ट, कमेंट सगळं उडतं. आधी ‘शो क्रिएट टेबल’ घ्या आणि तिथली ओळ जशीच्या तशी उचला.

क्रम असा ठेवा. आधी बॅकअप. मग चालू कोडमध्ये बॅकटिक लावून साइट उभी करा, म्हणजे घाई राहत नाही. त्यानंतर त्या कॉलमचा उल्लेख व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी), ट्रिगर (टेबल बदललं की आपोआप चालणारा कोड) आणि प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) कुठे आहे ते इन्फॉर्मेशन_स्कीमामधल्या व्ह्यूज, ट्रिगर्स आणि रुटीन्समध्ये शोधा. मायएसक्यूएल नाव बदलताना इंडेक्स आणि फॉरेन की स्वतः सांभाळतो, व्ह्यू आणि ट्रिगर सांभाळत नाही. व्ह्यू पुढच्या वापरात एरर १३५६ देतो. ट्रिगर इन्सर्ट किंवा अपडेट होताना पडतो, आणि दोष इन्सर्टचाच वाटतो. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू आपोआप नव्या कॉलमला जोडलेले राहतात, पण फंक्शनच्या आतला मजकूर तसाच जुना राहतो.

पीएचपीच्या बाजूला आणखी एक जागा सुटते. ओळ अॅरेमध्ये घेताना प्रत्येक मूल्याची ‘की’ (ते ज्या नावाने काढायचं ते नाव) कॉलमच्या नावाची असते. क्वेरी बदलली, पण खाली छापताना जुनीच ‘रँक’ ही की राहिली तर पानावर तो रकाना कोरा दिसतो. सगळी पानं एका दिवसात बदलणं शक्य नसेल तर ‘सिलेक्ट गुणानुक्रम अॅज `रँक`’ असं लिहून तात्पुरतं चालवता येतं. इथेही बॅकटिक हवाच.

एसक्यूएल सर्व्हरवर नाव बदलताना ‘एसपी_रीनेम’ वापरतात. जुनं नाव देताना चौकोनी कंस लावले तर चालतं, नव्या नावाला मात्र लावायचे नाहीत. लावले तर ते कंस नावाचाच भाग होतात, आणि मग तो कॉलम वाचायला बाहेर आणखी एक कंसाची जोडी लावून आतला बंद कंस दोनदा लिहावा लागतो.

नवं नाव निवडताना दोन शब्द जोडून ठेवा: रँक नको, निकाल_रँक. ऑर्डर नको, ऑर्डर_क्रमांक. अंडरस्कोअरने जोडलेली बरीच नावं राखीव यादीतही आहेत, रो_नंबर आणि करंट_डेट ही त्यातलीच, पण आपल्या कामाचा शब्द पुढे लागला की टक्कर जवळपास अशक्य होते. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत वापरले तरी उत्तम, ‘क्रमांक’ किंवा ‘तुकडी’ कोणताही डेटाबेस राखीव करणार नाही. थेट देवनागरीत नावं द्यायची असतील तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघंही ती कोटशिवाय स्वीकारतात. फक्त पोस्टग्रेसची मर्यादा ६३ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे २१ चिन्हं. त्यापुढचं नाव पोस्टग्रेस कापतो आणि नुसती एक नोटीस देऊन पुढे जातो, त्यामुळे सुरुवात सारखी असलेली दोन लांब नावं एकाच टेबलमध्ये ठेवू नका.